महिन्याला एकच पिस्तूल: हा नियम नेमका कुठे आहे आणि दिवस कसे मोजायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या एका गृहस्थांनी गेल्या आठवड्यात ९ मिमीचं पिस्तूल घेतलं. क्लबातल्या नेमबाजीसाठी आता .२२ चं दुसरं हवं आहे. हातात दुसरं परमिट आहे, तरी दुकानदार म्हणतो, तीस दिवस थांबा. पेनसिल्व्हेनियातला मित्र म्हणतो, असला काही नियमच नाही, आम्ही एका दिवसात दोन घेतली, एक जादा फॉर्म गेला एवढंच. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाला बदली आहे, तर तिथे काय? आणि शेवटी हळूच विचारलंय की बायकोच्या नावावर घेतलं तर चालेल का.

दुकानदारही बरोबर आहे आणि मित्रही. गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे: केंद्राचा अहवाल, राज्याची मर्यादा आणि परमिटाची मुदत. या तिन्हींत दिवस मोजायचे असतात, पण मोजण्याची रीत आणि कारण प्रत्येक ठिकाणी निराळं.

आधी केंद्राचं पाहू. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात किती बंदुका घ्यायच्या किंवा किती दिवसांनी घ्यायच्या, यावर मर्यादा नाही. परवानाधारक दुकानातून घेताना फॉर्म ४४७३ भरायचा, मग एफबीआयच्या निक्स यंत्रणेतून किंवा राज्य पोलिसांमार्फत पार्श्वभूमी तपासली जाते. निक्स नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. निक्सने ‘पुढे जा’ म्हटलं की खरेदीदाराची ओळख सांगणारी ती नोंद २४ तासांच्या आत पुसावी लागते. शिवाय १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही तयार करायलाच बंदी आहे. म्हणजे तुम्ही गेल्या महिन्यात काय घेतलंत, हे निक्सला ठाऊकच नसतं. ज्या राज्याला मर्यादा घालायची आहे, त्याने मोजायची सोय स्वतः करायची. न्यू जर्सी परमिटाने मोजतं, मेरीलँड अर्जाने, व्हर्जिनिया राज्य पोलिसांच्या पडताळणीच्या नोंदीने. नियमांतला निम्मा फरक या मोजणीच्या साधनातूनच येतो.

मित्राने सांगितलेला जादा फॉर्म म्हणजे एटीएफ या केंद्रीय बंदूक-नियंत्रण खात्याचा ३३१०.४. एकाच दुकानातून एकाच माणसाने लागोपाठच्या पाच कामकाजाच्या दिवसांत दोन किंवा जास्त पिस्तुलं वा रिव्हॉल्व्हर घेतली, तर दुसरा व्यवहार ज्या दिवशी झाला त्याच दिवशी दुकान बंद होण्याच्या आत दुकानदाराने हा अहवाल पाठवायचा असतो. सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरं घेतलं तरी अहवाल जातो. एक प्रत एटीएफकडे जाते, एक राज्याच्या किंवा गावच्या पोलिसांकडे. खरेदीदार अपात्र नसेल तर स्थानिक पोलिसांनी आपली प्रत २० दिवसांत नष्ट करायची असते. टेक्सास, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्निया या मेक्सिकोला लागून असलेल्या चार राज्यांत २०११ पासून काही रायफलींसाठीही असाच अहवाल लागतो: अर्ध-स्वयंचलित (दर वेळी चाप ओढला की एकेक गोळी सुटणारी), .२२ पेक्षा मोठ्या कॅलिबरची, काढता येणारं मॅगझिन असलेली.

हा अहवाल म्हणजे मनाई नव्हे, संशयाचा शिक्काही नव्हे. तुम्हाला त्यावर काही भरायचं नसतं. दुकानदाराने दुसरं पिस्तूल त्याच दिवशी दिलं तरी केंद्राच्या लेखी ठीकच आहे. पण ‘तो फॉर्म नको, दुसऱ्याचं बिल पुढच्या आठवड्याच्या तारखेचं करा’ असं मात्र काउंटरवर कधीही म्हणू नका. एरवी निमूट झाला असता तो व्यवहार तिथेच थांबतो. दुकानदाराला कोणालाही नकार द्यायचा अधिकार आहे, आणि तारीख खोटी घातली तर त्याचाच परवाना जातो.

आता राज्यांकडे. कोणत्याही राज्याचा असा नियम वाचताना चार गोष्टी शोधा, बाकी मजकूर नंतर वाचला तरी चालतो. मोजतात काय: फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, की रायफल आणि शॉटगनसुद्धा, की नुसती फ्रेम आणि रिसीव्हरही, म्हणजे बंदुकीचा मूळ सांगाडा? दिवस कधीपासून धरतात: अर्ज केल्यापासून की बंदूक हातात आल्यापासून? खासगी माणसाकडून घेतलेली मोजली जाते का? आणि सूट कोणाला? ‘महिन्याला एक’ हे नाव बोलायला सोपं आहे, कायद्यात मात्र महिना जवळजवळ कुठेच नाही, ३० दिवसांची सरकती खिडकी आहे. ३१ जानेवारीला घेतलं तर फेब्रुवारी संपला म्हणून १ मार्चला जायचं नाही. लीप वर्ष नसेल तर ३१ जानेवारीपासून मोजलेले ३० दिवस १ मार्चच्या रात्री संपतात. तिथे एक दिवस पदरचा घाला आणि ३ मार्चला जा. एका दिवसासाठी नकार घेऊन परत येण्यात काही शहाणपण नाही.

न्यू जर्सीचा नियम २००९ च्या कायद्याने आला. तिथे पिस्तुलासाठी आधी परमिट टू पर्चेस काढावं लागतं आणि एका परमिटावर एकच पिस्तूल मिळतं. २०२२ च्या अखेरीपासून प्रत्येक परमिटाचं शुल्क २५ डॉलर झालं. परमिट ९० दिवस चालतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी ९० दिवसांची मुदतवाढ मिळू शकते. एका अर्जात अनेक परमिटं मागता येतात आणि लोक मागतातही, कारण तपासणी एकदाच होते. इथेच फसगत होते. हातात तीन परमिटं आहेत म्हणजे तीन पिस्तुलं आजच मिळतील, असं वाटतं. परमिट म्हणजे त्या पिस्तुलापुरती पात्रता. तीस दिवसांचं कलम वेगळं आहे आणि ते खरेदीला लागतं.

तारखा घालून पाहू. तीन परमिटं १ मार्चला मिळाली, म्हणजे ती ३० मेपर्यंत चालतील. पहिलं पिस्तूल ३ मार्चला घेतलं. दुसरं, एक दिवस राखून, ३ एप्रिलला. तिसरं ४ मेला. तिन्ही आरामात बसतात. चौथं परमिट काढलं असतं तर त्याची पाळी जूनमध्ये आली असती, तेव्हा ते मेलेलं. म्हणून मुदतवाढीचा भरवसा न धरता एका वेळी तीनपेक्षा जास्त परमिटं काढणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि पहिली खरेदी उशिरा केली तर तिसरंही हुकतं: परमिट १ मार्चचं, पण पहिलं पिस्तूल ५ एप्रिलला घेतलंत, तर दुसरं ६ मेच्या सुमारास मिळेल आणि तिसऱ्याची तारीख ३० मेच्या पलीकडे जाईल.

विचारणाऱ्यांच्या बाबतीत तीन वाटा आहेत. पहिली, आणि मला विचाराल तर हीच बरी: थांबा. दुसरी वाट सूट मागण्याची. राज्य पोलिसांच्या एसपी-०१५ या फॉर्मवर एकाहून जास्त पिस्तुलांसाठी सवलत मागता येते. ती संग्राहकांना, मान्यताप्राप्त स्पर्धांत उतरणाऱ्या नेमबाजांना आणि कोणाला वारशात मिळालेली पिस्तुलं एकत्र घेणाऱ्यांना असते. क्लबाचं सभासदत्व म्हणजे स्पर्धा नव्हे. स्पर्धेची नावनोंदणी, निकालपत्रक, त्या प्रकाराला दुसरं पिस्तूल का लागतं याचं कारण, हे सगळं जोडावं लागेल. ती कागदपत्रं जमवून उत्तर येईपर्यंत तीस दिवस तसेच उलटतात. एकच पिस्तूल हवं असेल तर या वाटेला जाण्यात अर्थ नाही. चार-पाच घ्यायची असतील तर आहे. तिसरी वाट लोकांच्या लक्षातच येत नाही: .२२ ची रायफल. रायफल आणि शॉटगन फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्डावर मिळतात, त्याला पिस्तुलासारखं एकेक परमिट लागत नाही आणि तीस दिवसांचं कलमही लागत नाही. सराव नुसता निशाण धरण्याचाच असेल तर या महिन्यात रायफल आणि पुढच्या महिन्यात पिस्तूल, असं करता येतं.

चौथीही एक आहे, पण ती फार थोड्यांना लागू पडते. घेतलेलं पिस्तूल मनासारखं नसेल तर त्याच परवानाधारक दुकानात ३० दिवसांच्या आत परत करून बदल्यात दुसरं घेता येतं. ती अदलाबदल दुकानदाराने राज्य पोलिसांना कळवायची असते. ती मर्यादेत धरत नाहीत. दुसऱ्या दुकानात विकून तिसरीकडे घेतलं तर ही सूट मिळत नाही.

न्यू जर्सीतली आणखी एक खोच भारतातून आलेल्यांना हमखास नडते. तिथल्या कायद्यात छर्रा मारणारं एअर पिस्तूलही बंदुकीच्या व्याख्येत बसतं, म्हणून त्यालाही पिस्तुलाचंच परमिट लागतं. कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर १० मीटर एअर पिस्तूल मारलेल्या माणसाला हे पटतच नाही, कारण भारतात ४.५ मिमीचं, २० ज्यूलच्या आतलं एअर वेपन परवान्याशिवाय मिळतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातही एअर गन ही फायरआर्म नाही. न्यू जर्सीत मात्र आहे. दुसऱ्या राज्यातल्या वेबसाइटवरून मागवून घरी पार्सल आणण्याचा विचार करू नका.

व्हर्जिनियाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९९३ मध्ये गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांच्या काळात तीस दिवसांत एकच हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) असा कायदा झाला. कारण उघड होतं. न्यूयॉर्कसारख्या कडक कायद्याच्या शहरांत गुन्ह्यात सापडणाऱ्या अनेक बंदुका आय-९५ महामार्गाने दक्षिणेकडून, मुख्यतः व्हर्जिनियातून येत होत्या; एकेक माणूस एका फेरीत डझनभर पिस्तुलं उचलायचा. १९९६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की ईशान्येकडच्या राज्यांत सापडलेली बंदूक व्हर्जिनियातल्या दुकानापर्यंत पोहोचण्याची शक्यता, कायद्यानंतर घेतलेल्या बंदुकांच्या बाबतीत सुमारे ६६ टक्क्यांनी कमी झाली होती. २०१२ मध्ये कायदा रद्द झाला आणि १ जुलै २०२० पासून पुन्हा आला. या जातीचा पहिला कायदा मात्र व्हर्जिनियाचा नव्हता. दक्षिण कॅरोलिनाने तो १९७५ मध्येच केला होता आणि २००४ मध्ये काढून टाकला.

२०२० च्या कायद्यात मोजतात फक्त हँडगन, आणि सवलतींची यादी लांब आहे. व्हर्जिनियाचं कन्सील्ड हँडगन परमिट, म्हणजे हँडगन लपवून जवळ बाळगण्याचं परमिट असलेल्यांना मर्यादा लागत नाही. म्हणून तिथे राहायला गेल्यावर वारंवार खरेदीची गरज असेल तर आधी स्थानिक सर्किट कोर्टातून ते परमिट काढणं सोयीचं. अर्जावर कोर्टाला ४५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. दुसऱ्या राज्याचं परमिट या सवलतीसाठी उपयोगाचं नाही. एक हँडगन देऊन त्याच व्यवहारात दुसरी घेतली तर चालते, पण असा व्यवहार दिवसाला एकच. त्याच विक्रेत्याकडून घेतलेली हँडगन ३० दिवसांत बदलून घेतली, तर ती नवी खरेदी धरत नाहीत. खासगी व्यक्तीकडून घेतलेलीही मर्यादेबाहेर आहे, मात्र २०२० च्या कायद्याने खासगी विक्रीलाही पार्श्वभूमी तपासणी आणली हे विसरू नका. आणि ज्यांना खरोखर एकरकमी घ्यायच्या आहेत, म्हणजे संग्रहासाठी, एखाद्याच्या इस्टेटीतून घाऊक किंवा व्यवसायासाठी, त्यांनी राज्य पोलिसांकडे वाढीव तपासणीचा अर्ज करायचा. मंजूर झाला की प्रमाणपत्र मिळतं आणि ते सात दिवसच चालतं. दुकानात माल आला आहे याची खात्री करूनच ते काढा. सातव्या दिवशी ‘पार्सल उद्या येतंय’ ऐकायची वेळ आली तर पुन्हा पहिल्यापासून.

चोरीची सवलत वाचायला सोपी वाटते आणि तिथेच जास्त जण अडकतात. पिस्तूल चोरीला गेलं किंवा हरवलं तर त्याच्या जागी दुसरं तीस दिवसांच्या आतही घेता येतं, पण पोलीस रिपोर्टाची प्रत दुकानदाराला द्यावी लागते. त्यात तुमचं नाव-पत्ता, पिस्तुलाचं वर्णन, ठिकाण, चोरीची तारीख आणि तक्रारीची तारीख हवी. आणि चोरीची तारीख तुम्ही नवं घ्यायला जाल त्या दिवसाच्या मागच्या ३० दिवसांतली हवी. तारीख चोरीची धरतात, तक्रारीची नव्हे. सुट्टीत भारतात दीड महिना राहून आलात, घर फोडलेलं दिसलं आणि रिपोर्टात ‘अंदाजे गेल्या महिन्याच्या ५ तारखेला’ असं लिहून घेतलंत, तर ती सवलत हातची गेली. शेवटचं कधी पाहिलं आणि नसल्याचं कधी कळलं, या दोन्ही तारखा रिपोर्टात स्पष्ट लिहून घ्या. ज्याची खात्री नाही ती तारीख अंदाजाने ठोकून देऊ नका.

व्हर्जिनियात मर्यादा मोडणं हा क्लास १ मिसडिमीनर (कमी गंभीर वर्गातला गुन्हा) आहे, म्हणजे १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. नागरिकासाठी हे पुरेसं वाईट आहे. ग्रीन कार्डधारकासाठी आणखी वाईट, त्याकडे पुढे येतो.

मेरीलँडचा नियम ऑक्टोबर १९९६ पासूनचा: ३० दिवसांत एकच ‘रेग्युलेटेड फायरआर्म’. दुकानात जाऊन घेता येईल अशा मालात व्यवहारात याचा अर्थ पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर; साधी रायफल, शॉटगन यात नाही. आधी हँडगन क्वालिफिकेशन लायसन्स, त्यासाठी बोटांचे ठसे आणि चार तासांचं प्रशिक्षण. मग प्रत्येक पिस्तुलासाठी ७७आर हा अर्ज आणि सात दिवसांची प्रतीक्षा. अर्जावर ‘मंजूर’ असं कुठेच येत नाही. येतं ते ‘नामंजूर नाही’. सरकारी भाषेचा हा नमुना पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपला अर्ज फेटाळला असंच वाटतं. तो होकार आहे, आणि त्यानंतर ९० दिवसांत पिस्तूल उचलायचं असतं. संग्राहकांना राज्य पोलिसांकडून ‘डेझिग्नेटेड कलेक्टर’ असा दर्जा मिळाला की तीस दिवसांची अट सुटते. बाहेरून मेरीलँडला राहायला येणाऱ्यांनी आणलेल्या रेग्युलेटेड बंदुका ९० दिवसांत नोंदवायच्या असतात. ती नोंदणी आहे, खरेदी नव्हे, म्हणून तिथे एकदम तीन का आणल्यात असं कोणी विचारत नाही.

कनेटिकटने १ ऑक्टोबर २०२३ पासून ३० दिवसांत तीन हँडगन अशी मर्यादा घातली, प्रमाणित प्रशिक्षकांना सहा. न्यूयॉर्कचं मात्र नीट समजून घ्या: ९० दिवसांचा नियम शहराच्या संहितेतला आहे, राज्याचा नाही. त्यात ९० दिवसांत एक हँडगन आणि स्वतंत्रपणे एक रायफल किंवा शॉटगन असं लिहिलं आहे. त्यालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. शहराच्या हद्दीबाहेर लाँग आयलंडवर राहणाऱ्याला तो लागू नाही, शहरातल्या क्वीन्समधल्याला आहे. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघंही ‘न्यूयॉर्कचा नियम’ म्हणून वाद घालतात आणि दोघांचंही आपापल्या पत्त्यापुरतं खरं असतं.

कॅलिफोर्नियाची गोष्ट सगळ्यांत वेगाने बदलली, म्हणून इंटरनेटवर तिच्याबद्दल सर्वांत जास्त शिळी माहिती आहे. २००० पासून ३० दिवसांत एक हँडगन. १ जुलै २०२१ पासून त्यात सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात होऊन गोळी सुटणाऱ्या) अर्ध-स्वयंचलित रायफली आल्या. १ जानेवारी २०२४ पासून सगळ्याच बंदुका, फ्रेम-रिसीव्हरसकट. दरम्यान जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात सांगितलं की बंदुकीवरचं कोणतंही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळलं पाहिजे. त्या कसोटीवर ‘न्गुयेन विरुद्ध बोंटा’ खटल्यात जिल्हा न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली आणि नवव्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, २० जून २०२५ रोजी तो निकाल कायम केला. एकाहून जास्त बंदुका बाळगायचा हक्क असेल तर त्या घेण्यात तीस दिवसांची सक्तीची खीळ घालता येणार नाही, असा त्याचा रोख. त्याआधी २०१५ मध्ये वॉशिंग्टन डीसीचा ३० दिवसांत एकच पिस्तूल नोंदवण्याचा नियमही तिथल्या अपील न्यायालयाने रद्द केला होता. कॅलिफोर्नियाने मग २०२५ मध्येच नवा कायदा केला: १ एप्रिल २०२६ पासून ३० दिवसांत तीन. म्हणून ‘कॅलिफोर्नियात महिन्याला एक’ असं लिहिलेलं पान दिसलं की आधी त्याची तारीख पाहा.

दहा दिवसांची प्रतीक्षा ही तिथली वेगळी गोष्ट आहे आणि ती या निकालाने गेली नाही. डीआरओएस हा खरेदीचा अर्ज १ मार्चला दुपारी सव्वादोनला गेला असेल तर बंदूक ११ मार्चला सव्वादोनच्या आधी मिळत नाही. दहा वेळा २४ तास, तासांनिशी. आणि अर्जापासून ३० दिवसांत उचलली नाही तर अर्ज रद्द होतो. हे तीस दिवस उचलण्याचे आहेत, खरेदीच्या मर्यादेचे नव्हेत, आणि दोन्ही आकडे सारखे असल्यामुळे लोक हटकून घोटाळा करतात.

एक निकाल नवव्या सर्किटचा आहे म्हणून न्यू जर्सीचा किंवा मेरीलँडचा कायदा आपोआप पडत नाही. न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये येतं, मेरीलँड आणि व्हर्जिनिया चौथ्यात. तुमच्या राज्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर नियम दिसतो आहे तोवर तो आहे असंच धरून चाला.

मित्राच्या पेनसिल्व्हेनियाचा तुम्हाला काही उपयोग नाही, हे आता लक्षात आलं असेल. तिथे मर्यादा नाही हे खरं, पण केंद्रीय कायद्याप्रमाणे हँडगन स्वतःच्या राहत्या राज्यातच हातात घेता येते. पेनसिल्व्हेनियातल्या दुकानात पैसे भरलेत तरी ते पिस्तूल न्यू जर्सीतल्या परवानाधारक दुकानदाराकडे येणार, तिथे तुमचं परमिट लागणार आणि तीस दिवसही लागणार. रायफल-शॉटगन दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून थेट घेता येतात, पण दोन्ही राज्यांचे कायदे पाळून.

आता बायकोच्या नावाचं. तिला स्वतःसाठी पिस्तूल हवं असेल तर तिने स्वतःचं परमिट काढावं, स्वतः ४४७३ भरावा. तिचे तीस दिवस वेगळे, तुमचे वेगळे. पैसे जोड खात्यातून गेले म्हणून काही बिघडत नाही. पण तुमचे तीस दिवस भरले नाहीत म्हणून तिने तुमच्यासाठी घ्यायचं असेल, तर तो स्ट्रॉ पर्चेस, म्हणजे दुसऱ्यासाठी आपल्या नावावर केलेली खरेदी. फॉर्मवरचा पहिला कळीचा प्रश्नच आहे की खरा खरेदीदार तुम्हीच का. २०१४ च्या अब्राम्स्की खटल्यात व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने पेनसिल्व्हेनियातल्या काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं, कारण त्याला पोलिसांची सवलत मिळत होती. काकांनी ४०० डॉलरचा धनादेश आधीच पाठवला होता. काका स्वतः पूर्ण पात्र होते. तरी फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायम ठेवली. जून २०२२ च्या केंद्रीय कायद्यानंतर अपात्र माणसासाठी किंवा गुन्ह्यासाठी केलेला स्ट्रॉ पर्चेस हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे आणि त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. खरीखुरी भेट देणं वेगळं. पण भेट म्हणजे समोरच्याने तिच्यासाठी पैसे दिलेले नाहीत, आणि न्यू जर्सीत ती घेणाऱ्यालाही स्वतःचं परमिट लागतं.

ग्रीन कार्डावरच्यांनी हे विशेष गांभीर्याने घ्यावं. स्थायी रहिवासी नागरिकासारखीच बंदूक घेऊ शकतो. पण इमिग्रेशन कायद्यात बंदूक कोणत्याही कायद्याचा भंग करून विकत घेतल्याबद्दल किंवा बाळगल्याबद्दल दोषी ठरणं हे हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. तिथे शिक्षा किती दिवसांची झाली हे मुख्य नाही, गुन्हा शाबीत झाला हे आहे. म्हणून वकील ‘किरकोळ आहे, गुन्हा कबूल करून दंड भरून टाका’ म्हणाला, तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. एच-१बी, एच-४, एफ-१ वाल्यांचा मुळातच वेगळा मामला आहे: तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतूस घ्यायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अपवाद थोडे, त्यातला लोकांना ठाऊक असलेला म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे एवढ्याने ही मनाई उठत नाही. आणि रेंजवर भाड्याने पिस्तूल घेऊन चार गोळ्या मारणं हेही बाळगण्यातच मोडतं.

भारतातल्या परवान्याची सवय असलेल्यांनी इथे उलटा विचार करायचा. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका असं झालं, आधी तीन होत्या. तिथे प्रश्न असतो तुमच्याकडे किती आहेत. या राज्यांत कपाटात वीस असल्या तरी त्याबद्दल हे कलम काही म्हणत नाही. शेवटची कधी घेतली, एवढंच विचारतं.

तेव्हा तुमच्यासाठी नेमकं असं: पहिल्या पिस्तुलाच्या बिलावरची तारीख पाहा. त्यात ३१ दिवस मिळवा. ती तारीख दुसऱ्या परमिटावरच्या अखेरच्या तारखेच्या आत येते का बघा. येत नसेल तर परमिट संपण्याआधीच ज्या पोलीस ठाण्याने ते दिलं तिथे मुदतवाढ मागा. .२२ आत्ताच पसंत करून दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगायचं असेल तर सांगा, फक्त बिल आणि ताबा त्या तारखेनंतर. परमिटाची प्रत आणि बिल एकत्र टाचून ठेवा.